फिक्स गियर सायकल घाटात नेताय? या चुका टाळा

धुळ्यात देवपुरातून निघायचं, पांझरेचा पूल ओलांडायचा आणि गावात शिरायचं. एवढ्या रस्त्यासाठी फिक्स गियरइतकी गोड सायकल दुसरी नाही. रस्ता सपाट, पेठांमधल्या गल्ल्या सरळ, गर्दीत पायानेच वेग कमी-जास्त करता येतो. खान्देशातली आपली बहुतेक गावं अशीच सपाटीवर वसलेली आहेत. पण गावाबाहेर पडलं की डोंगर फार लांब नाही. धुळ्याला लळिंग, चाळीसगावला कन्नडचा घाट, साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारी, आणि शहाद्याच्या पुढे थेट तोरणमाळ. गावात महिनाभर सायकल चालवली की आपल्याला ती जमली असं वाटायला लागतं आणि एका रविवारी आपण घाटाकडे वळतो. पुढच्या सगळ्या चुका त्या रविवारच्या आहेत.

ज्यांना ही सायकल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या सायकलीला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत पुढे जातं. फिक्स गियरला ते नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, म्हणजे तुमचे पायही फिरणार. चढावर याचा फारसा त्रास होत नाही. सगळा प्रश्न उताराचा आहे, आणि लोक तयारी करतात ती चढाची.

फ्रीव्हीलला वेल्डिंग मारणं

आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात घातक चूक हीच. फिक्स गियरचं खरं हब (मागच्या चाकाचा मधला भाग) महाग पडतं आणि जवळ मिळतही नाही. मग जुन्या सायकलीचं फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करायचं, की झाली फिक्स गियर. "वेल्डिंग मारी दे भो, काही व्हवाव नही," असं सांगणारा दोस्त प्रत्येकाला असतो. मीही तसंच करून घेतलं होतं. गावात तीन आठवडे काही झालं नाही. लळिंगचा घाट चढून धुळ्याकडे उतरताना वेग आवरायला मी पायांनी मागे जोर दिला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पायाखालचा जोरच गेला. पायडल मोकळं फिरायला लागलं. फ्रीव्हील हबवरून उकललं होतं. पुढचा ब्रेक होता म्हणून मी थांबू शकलो.

असं का होतं ते नीट समजून घ्या. फ्रीव्हील हबवर साध्या उजव्या आट्यांनी बसतं. पायडल पुढे मारलं की ते आवळतं, मागे जोर दिला की सैल होतं. साध्या सायकलीत मागे जोर जातच नाही, त्यामुळे कधी प्रश्न येत नाही. फिक्स गियरच्या खऱ्या हबला कॉगच्या (मागच्या दातेरी चक्राच्या) बाहेर आणखी एक, थोड्या लहान मापाचा टप्पा असतो आणि त्यावर उलटे आटे असतात. त्यावर लॉकरिंग, म्हणजे आवळायची कडी बसते. कॉग सैल व्हायला गेला की तो लॉकरिंगलाही त्याच दिशेने ओढतो, आणि आटे उलटे असल्यामुळे ती आणखी आवळते. वेल्डिंग कितीही पक्कं असलं तरी ही सोय त्यातून येत नाही. काही जण बीबीच्या (पायडलच्या आसाच्या बेअरिंगच्या) कपची रिंग वर आवळून काम भागवतात. तिचे आटे सरळच असतात, त्यामुळे तीही कॉगबरोबर फिरून निघू शकते. घाटाचा विचार असेल तर लॉकरिंगचं हब घ्या. पैसे जमेपर्यंत गावातच चालवा, तीही दोन्ही ब्रेक ठेवून.

गियरचा हिशेब फक्त सपाटीवर करणं

तयार मिळणाऱ्या बऱ्याच फिक्स गियर सायकलींना पुढे 46 आणि मागे 16 दात असतात. 700 मापाच्या बारीक टायरचा घेर साधारण 2.1 मीटर असतो, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 6 मीटर पुढे जाते. सपाटीवर छान. घाटात वेग ताशी 10 किलोमीटरवर आला की पाय मिनिटाला जेमतेम 27-28 फेरे मारतात. तिथे दम छातीचा लागत नाही, गुडघ्याचा लागतो. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या कडेला दुखायला लागलं तर ते वयामुळे नाही, बहुतेक गियरमुळे.

मी पुढे 42 आणि मागे 17 वापरतो. एका फेऱ्यात 5.2 मीटर. त्याच 10 च्या वेगाला 32 फेरे पडतात. आकड्यात फरक लहान दिसतो, वळणावर उभं राहून पायडल मारताना मोठा वाटतो. शिवाय हलक्या गियरवर उतारात पायांनी चाक आवरायलाही कमी ताकद लागते. तोटा इतकाच की उतारात पाय भराभर फिरतात: ताशी 30 ला मिनिटाला 96 फेरे, 40 ला 128. 96 फेरे सरावाने बिनधोक जमतात. 128 ला बहुतेकांचं बूड सीटवर उडायला लागतं, आणि तिथून ताबा जायला वेळ लागत नाही. म्हणून माझा नियम आहे की उतारात 30 च्या वर जायचंच नाही. हा वेग ब्रेकने राखायचा, पायांनी नाही.

17 दातांचं आणखी एक कारण आहे. पायडल रोखून चाक घासत थांबवण्याची सवय असेल तर टायर दर वेळी ठरावीक जागीच घासतो. किती जागी, ते दातांच्या गुणोत्तरावरून कळतं. 48 ला 16 म्हणजे 3 ला 1. टायरवर एकच जागा, आणि ती बघता बघता सुताला लागते. 46 ला 16 म्हणजे 23 ला 8, म्हणून आठ जागा. 42 ला 17 चा संक्षेप होत नाही, म्हणून सतरा जागा.

ब्रेक काढून टाकणं

शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतात. तिथे सगळे एकाच दिशेने फिरतात, समोरून उसाची ट्रॉली येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर बिनब्रेकची सायकल घासत नेणारे व्हिडिओ आपल्या पोरांनी पाहिलेले असतात. ते पाहून कोणी ब्रेक काढत असेल तर मी हात धरून थांबवेन. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. मागचं चाक उतारावर आधीच हलकं झालेलं असतं. ते घासलं की आवाज मोठा होतो, पण सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. त्यात रस्त्यावर खडी असेल तर विचारूच नका.

"पाय हाच मागचा ब्रेक" हे गावात खरं आहे. घाटात ते चेनवर अवलंबून असतं. चेन उतरली की पायाचा ब्रेक गेला, आणि ती कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकली तर चाक जागीच जाम होतं. म्हणून घाटाला दोन्ही ब्रेक लावा. जुन्या दांडीच्या ब्रेकची सायकल असेल तर रिम बघा. लोखंडी चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक रबर नुसतं सरकतं. श्रावणात लळिंग हिरवागार होतो तेव्हाच सगळ्यांना तिकडे जायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच हे ब्रेक दगा देतात. ॲल्युमिनियमची रिम ओल्यातही बरीच बरी धरते.

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापते, आतली हवा तापते, आणि मे महिन्यातलं आपलं ऊन त्यात भर घालतं. थोडं दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा. दर दोन-तीन वळणांनी उतरून रिमच्या जवळ हात न्या. धग जाणवली तर पाच मिनिटं थांबा.

कट-कट आवाजाकडे दुर्लक्ष

पुढचा जोर मागे वळवताना पायाखाली "कट" असा ठोका बसतो. फिक्स गियरची ही सगळ्यात महत्त्वाची तक्रार आहे. घाटाच्या आदल्या संध्याकाळी ती शोधून काढा. ब्रेक दाबून सायकल उभी धरा आणि पायडल हाताने पुढे-मागे हलवा. वरची चेन लगेच ताणली जाते, तरी क्रँक (पायडलची दांडी) थोडा हलतो? मग क्रँक सैल आहे. जुन्या सायकलीत कॉटर (क्रँक आसाला पक्का धरणारी खीळ) झिजलेला असतो. मागे-पुढे दोन्हीकडून जोर बसत राहिल्याने कॉटर या सायकलीत लवकर जातो, तो बदलाच. क्रँक घट्ट आहे पण कॉग हबवर किंचित सरकतो? मग चालवू नका. कॉग आवळून मग लॉकरिंग आवळायची. ती उलट्या आट्यांची आहे हे विसरून लोक आवळायच्या नादात सैल करतात.

दोन्ही घट्ट असतील तर दोष चेनच्या ढिलाईचा. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन वर-खाली मिळून साधारण एक सेंटिमीटर हलावी. मात्र एकाच जागी मोजून सोडू नका. चेनव्हील (पुढचं दातेरी चक्र) क्वचितच अगदी गोल फिरतं. पायडल सावकाश फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधा आणि माप तिथे घ्या. ढिल्या जागी माप घेतलं तर ताठ जागी चेन कुरकुरते, बेअरिंग खाते. आणि मागच्या चाकाचे नट खरोखर आवळलेले असू द्या. चढावर उभं राहून जोर दिला की उजवी बाजू पुढे सरकते, टायर फ्रेमला घासतो, आणि आपण समजतो की आज दम कमी पडतोय.

चप्पल, आणि वळणावर झुकणं

चप्पल घालून घाट उतरू नका. 90-100 फेऱ्यांवर पाय एकदा निसटला की फिरतं पायडल परत पकडता येत नाही, ते नडगीवर बसतं. टो-क्लिप (पायडलवरची पंजा अडकवायची पकड) किंवा पट्टा लावा, आणि तो काढायचा सराव आधी घरासमोर करा. पाय सुटलाच तर दोन्ही पाय बाहेर फाकवून धरा आणि फक्त ब्रेकने थांबा.

वळणावर आतलं पायडल वर धरून थांबणं इथे शक्य नाही. सायकल झुकवली की पायडल जमिनीला लागतं आणि मागचं चाक उचललं जातं. वेग वळणाआधीच कमी करा. 165 मिलिमीटरचा क्रँक असेल तर थोडी जास्त मोकळीक मिळते.

चाक उलटवण्यात कमीपणा मानणं

काही हबला एका बाजूला फिक्स कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसतं. घाटमाथ्यावर चाक काढून उलटं बसवायचं आणि दोन्ही ब्रेकांवर निवांत उतरायचं. "मग फिक्स गियर कशाला घेतली?" असं विचारणारे भेटतील. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत 1937 पर्यंत गियर बदलणारं यंत्र वापरायला बंदी होती, आणि तिथले सायकलपटूही डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक उलटवत असत. फक्त एक मोजून घ्या. मागे एक दात वाढला की चाक साधारण 3 मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. 17 वरून 20 वर जायचं तर फ्रेमच्या खाचेत सेंटिमीटरभर जागा हवी. 15 मिलिमीटरचा पाना खिशात असू द्या.

तोरणमाळचा मोह मात्र इतक्यात नको. आधी लळिंग दहा-बारा वेळा करा, पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत या.

आता शेवटची चूक, ती घाटात नाही, अंगणात होते. सायकल उलटी ठेवून, चाक फिरतं ठेवून फडक्याने चेन पुसणं. साध्या सायकलीत बोट अडकलं तर बहुतेकदा चेन आणि पायडल थांबतात, चाक मोकळं फिरत राहतं. इथे जोरात फिरणारं अख्खं चाक बोटाला दातांत ओढतं आणि बोट तुटतं. चाक थांबवा, एक हातभर चेन पुसा, पायडल हाताने सरकवा, पुन्हा थांबवा. फडकं बोटाला गुंडाळू नका. जवळ लहान मूल असेल तर आधी त्याला घरात पाठवा.