ब्रिटिश हिरव्या रंगाच्या डायकास्ट गाड्यांचा संग्रह

दिसेल ती डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली छोटी खेळण्यातली गाडी घेत गेले की कपाट भरते, पण संग्रह उभा राहत नाही. एकच रंग धरला, तर मात्र प्रत्येक गाडी घेताना ती का हवी याचे उत्तर आपल्यापाशी असते. मी शर्यतीच्या ब्रिटिश गाड्यांचा गर्द हिरवा रंग धरला, कारण त्यामागे इतिहास आहे. १९०३ साली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण ब्रिटनमधील रस्त्यांवर मोटारींच्या शर्यतींना कायद्याने परवानगी नव्हती. त्या शर्यतीत ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात उतरल्या आणि पुढे तोच रंग त्यांची ओळख झाला.

रंग ठरवला की त्याची हद्दही वहीत लिहून ठेवावी. मेटॅलिक हिरवा चालेल का, पिवळा पट्टा असलेली लोटस ही ब्रिटिश गाडी चालेल का, हे आधी ठरले नाही तर वर्षभरात पोपटीही आत शिरतो. जग्वार डी-टाइपने १९५५ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत हिरव्या रंगात जिंकली, पण १९५६ आणि १९५७ साली विजयी ठरलेल्या डी-टाइप स्कॉटलंडच्या इक्युरी इकॉस संघाच्या, म्हणजे गडद निळ्या होत्या; त्यांचे मॉडेल कितीही देखणे असले तरी ते या संग्रहात बसत नाही. सुरुवात करायची असेल, तर मॅचबॉक्स या कंपनीच्या मालिकेतील ४१ क्रमांकाची हिरवी डी-टाइप शोधावी.

जुनी गाडी पारखताना घाई करू नये. ट्यूबलाइटखाली दोन वेगळ्या हिरव्या छटा एकसारख्या भासतात, म्हणून गाडी दिवसाउजेडी, थेट ऊन टाळून पाहावी. नंतर ती उलटी करून भिंगाने रिव्हेट, म्हणजे तळ जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या तपासाव्यात, कारण रंग बदलण्यासाठी गाडी उघडली असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिलची खूण सापडते. चाकांच्या खोबणीत दुसऱ्या रंगाची कड डोकावत असेल, तर तो रंग मूळचा नाही असे समजावे. हॉट व्हील्सच्या तळावरचे साल त्या साच्याच्या कॉपीराइटचे असते, आपल्या हातातील गाडीच्या उत्पादनाचे नव्हे. या गाड्या ज्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात शिसे मिसळले गेले असेल तर धातू आतून तडकत जातो आणि हा दोष दुरुस्त होत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाडीवर बारीक भेगा दिसल्या, तर ती घेऊ नये.

माझी एक गाडी खिडकीजवळच्या फळीवर दोन उन्हाळे राहिली, आणि तिच्या उन्हाकडच्या बाजूचा हिरवा रंग कायमचा विटला. तेव्हापासून कपाट मी आतल्या भिंतीला लावले आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट हवेने गाडीच्या मूळ पॅकिंगचे पुठ्ठ्याचे कार्ड फुगते, म्हणून कार्डावरच्या गाड्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात आणि श्रावणात एकदा पुड्या बदलाव्यात.