चोर्ला उतरताना लागणारा दिवा

गोव्याची भाडी मारणारा एक ड्रायव्हर पावसाळ्याच्या शेवटाला आमच्या बेळगावच्या गॅरेजात आला आणि गाडीतून न उतरताच म्हणाला, "जांबोटीपर्यंत काय न्हाई बघा. कणकुंबी सोडून चोर्ला घाट उतराय लागलो की इंजिनाचा पिवळा दिवा लागतोय. परत येताना चढाला मात्र गप." तोवर तो दोन ठिकाणी जाऊन आला होता. दोन्हीकडं स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोषाचा नंबर, पुसून दिला, पैसे घेतले, आणि पुढच्या भाड्याला दिवा परत हजर.

मोटर मेकॅनिकचा आयटीआय करून आलेल्या पोराला मी पहिल्यांदा ही गाडी सांगतो. ड्रायव्हरच्या त्या तीन वाक्यांत अर्धं निदान होऊन गेलं होतं. चढाला इंजिनावर लोड असतो, ते तापतंच. उताराला पाय एक्सलेटरवरून निघतो, इंजेक्टर इंधन सोडायचं जवळजवळ बंद करतो, वरून पाऊस आणि समोरून गार वारा. अशा वेळी थर्मोस्टॅट वॉलनं, म्हणजे पाण्याच्या वाटेवरच्या झडपेनं, बंद होऊन पाणी इंजिनातच फिरवायला पाहिजे. तो उघडाच राहिला तर रेडिएटरचं गार पाणी इंजिनात येत राहतं आणि पारा उतरतो. कोड होता पी०१२८, म्हणजे कूलंटचं, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान थर्मोस्टॅटनं राखायला हवं त्याच्या खाली आहे. कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात दिसलं: कूलंट ६१ अंश, स्पीड ३८. कोड पुसला की ही नोंदही जाते. आधीच्या दोघांनी नेमकं तेच पुसून टाकलं होतं. म्हणून स्कॅनर लावल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाईलवर फोटो काढायचा, मग पुढचं.

वॉल उघडा अडकलाय असं मी छातीठोक सांगितलं आणि हाउसिंग खोललं. आत वॉलच नव्हता! नुसता रबरी वायसर. उन्हाळ्यात गाडी गरम होत होती म्हणून कुण्या मिस्त्रीनं तो काढून टाकला होता. आपल्या भागात हे फार चालतं. "वॉल काढून टाक, कटकट नको." जुन्या गाड्यांत ते खपून जायचं, कारण तक्रार करायला ईसीएम नव्हता. आता इंजिन गार राहिलं की ईसीएम त्याला थंडीतलं इंजिन समजून जादा इंधन देतो, ॲव्हरेज पडतं, काजळी धरते, आणि दिवा लागतो तो वेगळाच. गाडी गरम का होत होती ते मात्र कुणी बघितलंच नव्हतं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, नळ्या क्षारानं निम्म्या बुजलेल्या. रेडिएटर आणि वॉल दोन्ही घातल्यावर घाटातला दिवा बंद झाला.

ही माझी शहाणपणाची गोष्ट झाली. आता फजितीची.

मी शिकाऊ होतो तेव्हाची. आमचे मिस्त्री, त्यांना सगळे मामाच म्हणायचे, दोन दिवस संकेश्वरला लग्नाला गेले होते. निपाणीकडची एक टर्बो पेट्रोल गाडी आली. नव्या गाड्यांत साध्या मेणाच्या थर्मोस्टॅटबरोबर विजेवर चालणारा कूलंट वॉलही असतो. इंजिन लवकर तापावं म्हणून तो सुरुवातीला पाण्याची एक वाट बंद ठेवतो आणि ईसीएमच्या हुकमानं उघडतो. कोड आला पी२६८१. स्कॅनरवर नाव वाचलं, त्यात वॉलचं नाव होतं, झालं. कोल्हापूरहून पार्ट मागवला, एसटीच्या पार्सलनं आला, बसवला, कोड पुसला, दिवा गेला. मालकाला चावी देताना माझी छाती दोन इंच फुगलेली. चौथ्या दिवशी त्यांचा फोन: "अहो, परत लागलाय की."

मामा परत आले, त्यांनी कोडची पूर्ण ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली. ओळीच्या शेवटी होतं 'कंट्रोल सर्किट ओपन', म्हणजे सर्किट कुठंतरी तुटलंय. "वॉल वाईट असं कुठं लिहिलंय?" खरंच लिहिलं नव्हतं. सर्किट म्हणजे फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर, वॉलची कॉइल आणि ईसीएम, एवढा सगळा रस्ता. त्यातला वॉल तेवढा मी बदलला होता.

मग त्यांनी मल्टिमीटर लावायला सांगितला. वॉलचा सॉकेट काढून, चावी ऑन करून सप्लायच्या पिनवर बघितलं: १२.४ व्होल्ट. "सप्लाय तर आहे, मामा." त्यांनी काही न बोलता २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या अर्थला, म्हणजे मायनसला, आणि दुसरं त्याच पिनला. बल्ब देवघरातल्या निरांजनाएवढा मिणमिणला. बॅटरीवर थेट धरला तर लख्ख. मीटरला चालायला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळं सडलेल्या वायरीतूनही तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट ओढतो, तेव्हा वायरीचं पितळ उघडं पडतं. वायरिंगवरची टेप सोलत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली एका ठिकाणी उंदरानं वायर कुरतडलेली, आत पाणी जाऊन तांब्याची हिरवी पूड झालेली. मालकाचं घर उसाच्या फडाला लागून. ऊस तुटायला लागला की उंदीर बाहेर पडतात आणि रात्री गरम बोनेटखाली येऊन बसतात. चिकोडी-निपाणीकडची गाडी आली की आजही मी कोडच्या आधी टॉर्च घेऊन उंदराच्या लेंड्या शोधतो.

चार इंच वायर आणि श्रिंक स्लीव्ह, एवढ्यात काम झालं. काढलेला जुना वॉल चांगलाच होता. नव्या वॉलचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत असं मामांनी ठरवलं, आणि ते माझ्या पगारातून तीन हप्त्यांत गेले. तेव्हा राग आला होता. आज माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं तर मी काय करीन, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

बल्बाबद्दल एक इशारा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. तो फक्त सप्लाय आणि अर्थ तपासायला. ईसीएमकडून येणाऱ्या कंट्रोलच्या वायरीला तो लावला तर ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे करंट चालू-बंद करणारा भाग, जळू शकतो, आणि ईसीएमची किंमत ऐकून मालक खुर्ची शोधतो. त्या बाजूला ५ वॅटचा छोटा बल्ब, तोही वॉलच्या जागी सॉकेटच्या दोन पिनांमध्ये. मग स्कॅनरवरून वॉल चालू-बंद करायचा हुकूम द्यायचा. बल्ब हुकमाबरोबर पेटला-विझला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, मग खुशाल वॉलवर संशय घ्या. सुई टोचून वायरीचं इन्शुलेशन फोडू नका. खानापूरकडचा पाऊस त्या एका भोकातून आत शिरतो आणि पुढच्या वर्षी तीच गाडी तोच कोड घेऊन येते.

मोबाईलला जोडायचं ब्लूटूथचं स्वस्त ओबीडी यंत्र, म्हणजे छोटा स्कॅनर, सुरुवातीला पुरतं. कोड दिसतो, लाइव्ह डेटा म्हणजे सेन्सरांची त्या क्षणाची वाचनं दिसतात. वॉलला हुकूम द्यायची सोय मात्र बहुतेकांत नसते. चारचाकींना भारतात ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ च्या एप्रिलपासून, तेव्हा त्यानंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट मिळतोच. जुन्या गाडीला मिळाला तर नशीब.

लाइव्ह डेटा बघायची खरी वेळ सकाळची. गाडी रात्रभर गॅरेजात ठेवायची आणि सुरू करायच्या आधी चावी ऑन करून कूलंटचं आणि आत घेतलेल्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी बघायचं. रात्रभर उभी गाडी, दोन्ही जवळपास सारखंच दाखवायला पाहिजेत. डिसेंबरात बेळगावला पहाटे हवा १४ दाखवते आणि कूलंट ३५ म्हणतो, तर वॉल राहू दे बाजूला, सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. सेन्सरचा सॉकेट काढला की वाचन उणे ४० वर जायला पाहिजे. सॉकेटच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या की ते पार वरच्या टोकाला जायला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होस पाइपला हात लावून थांबायचं. फॅन आणि बेल्टपासून हात लांब, फॅन कधीही फिरतो. इंजिन तापत जातं तरी हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा आहे. पारा शंभराच्या पुढं आणि पाइप गारच, तर वॉल बंद अडकलाय, किंवा पाणी कमी आहे, किंवा हवा धरली आहे. पाण्याची पातळी आधी बघायची, थंड इंजिनावर. नुसत्या कमी पाण्यानंही पी०१२८ येतो. गरम रेडिएटरची टोपी उघडू नका हे सगळेच सांगतात, तरी दरवर्षी कुणीतरी हात भाजून घेतो. आत दाब असतो, पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, आणि टोपी सैल केली की एकदम उसळतं.

काढलेला थर्मोस्टॅट संशयाचा असेल तर भांड्यात दोऱ्यानं लटकवून पाणी तापवा, सोबत थर्मामीटर. उघडायचं तापमान वॉलवरच कोरलेलं असतं, बऱ्याचदा ८२. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, इथं पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं, पण वॉल पूर्ण उघडायला तेवढं पुरतं. आम्ही एकदा हे चहाच्या पातेल्यात केलं. त्या दिवसापासून मामांनी पातेल्याला लाल रंगाचा पट्टा मारला.

आणखी एक जागा नव्यांच्या नजरेतून सुटते. विजेचा वॉल आतून गळायला लागला की पाणी बाहेर जमिनीवर पडत नाही, कॉइलमधून सॉकेटमध्ये येतं. सॉकेट काढून पिनांवर फुंकर न मारता नीट बघा. गुलाबी किंवा हिरवट, मिठासारखा खर असेल तर ते वाळलेलं कूलंट. तांब्याच्या बारीक तारांतून ते दिव्यातल्या वातीसारखं वर चढतं, कधी कधी ईसीएमच्या सॉकेटपर्यंत. नुसता वॉल बदलून भागत नाही, वायरीचं दुसरं टोकही काढून बघावं लागतं.

दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं की तुमचं मशीन खोटं आहे. बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो आणि तीन फेऱ्या नीट गेल्या की विझतो, कोड मात्र आत राहतो. हे शांतपणे समजावून सांगायला शिका. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर ते मिसफायरचं, म्हणजे सिलिंडरात इंधन नीट न पेटल्याचं, लक्षण, तशी गाडी पळवायची नाही. तापमानाचा लाल दिवा लागला तर जिथं असेल तिथं उभी.

आमच्या गॅरेजात केए २२, केए २३, एमएच ०९ आणि गोव्याच्या पाट्या एकाच रांगेत उभ्या असतात. कन्नड येत नसेल तर शिका, निदान कामापुरतं. गोकाकचा माणूस "बिसी आगतैतिरी", म्हणजे गाडी गरम होतेय, असं म्हणाला तर त्याला विचारता आलं पाहिजे की घाटात तापते की ट्रॅफिकमध्ये. ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर बहुतेक फॅन, हायवेला तापत असेल तर बहुतेक रेडिएटर किंवा वॉल. हे उत्तर कुठल्याच स्कॅनरवर येत नाही. इंग्रजीची मात्र धास्ती नको: ओपन, शॉर्ट, हाय, लो, स्टक, एवढे पाच शब्द पक्के झाले की निम्मे कोड वाचता येतात. 'स्टक' म्हणजे वॉल जागेवर अडकलाय. बाकी चार आले की आधी वायर धरा.

काम झालं की संध्याकाळी गाडी द्यायची घाई करू नका. कूलंट भरून, हवा काढून, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पातळी परत बघा. हवा निघून गेलेली असते आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन बोटं खाली आलेली असते. त्या गोव्याच्या ड्रायव्हरला हे पटलं नव्हतं, पहाटे पाचचं भाडं होतं त्याचं. पावणेपाचला शटर वर करून, टॉर्च तोंडात धरून मी बाटली भरली. साडेआठला फोन आला, साखळीच्या स्टँडवरनं. मागं कुणीतरी "पणजी, पणजी" ओरडत होतं. "उतरलो," एवढंच बोलला आणि ठेवला.