बीएला फिलॉसॉफी घेतलीय? मेडल, ऑनर्स, बक्षिसं कशी पदरात पाडायची (खास नाशिककरांसाठी)

घरी पाहुणे आले की एक ठरलेला प्रश्न असतो, "फिलॉसॉफी म्हणजे नक्की काय शिकवतात रे?" आणि आपण चहाचा कप हातात धरून काहीतरी पुटपुटतो. सायन्सवाल्याला प्रोजेक्ट दाखवता येतो, कॉमर्सवाला सीए फाउंडेशनचं नाव काढतो, आपल्याकडे दाखवायला काय तर रामानुजांच्या नोट्स. म्हणून माझं म्हणणं एवढंच की या विषयात कुणी पाठीवर थाप मारणार असेल तर ती कागदावर असलेली बरी, आणि तसा कागद बीएच्या पोरांनाही मिळतो, फक्त तो तुमच्या घरचा पत्ता शोधत येत नाही.

आधी ऑनर्स या शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेत 'विथ ऑनर्स' म्हणजे चांगल्या मार्कांनी पास, तिकडे कुम लॉडे, माग्ना कुम लॉडे असले लॅटिन शब्द डिग्रीवर छापतात. आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून ऑनर्स म्हणजे चौथं वर्ष. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर साधी बीए, चार वर्षं आणि किमान 160 क्रेडिट झाले तर ऑनर्स. आणि पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून 75 टक्के किंवा जास्त असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं, त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. हे 75 लक्षात ठेवा कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएचडी नियमांप्रमाणे चार वर्षांची डिग्री 75 टक्क्यांनी काढलेल्याला एमए न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. मात्र चौथं वर्ष आणि त्यातला रिसर्चचा पर्याय तुमच्या कॉलेजात तुमच्या विषयाला आहे का हे दुसऱ्या वर्षीच विचारून ठेवा, तिसऱ्याच्या शेवटी विचारलंत तर दुसऱ्या कॉलेजात अॅडमिशनसाठी धावाधाव होते. आणि तीन वर्षांची बीए करून सीव्हीवर ऑनर्स लिहू नका, माझ्या ओळखीतल्या एकाने लिहिलं आणि इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न त्यावर आला.

आता मेडल. नाशिकची बहुतेक आर्ट्स कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली, त्यामुळे विषयातला पहिला नंबर, सुवर्णपदक वगैरे सगळं विद्यापीठ पातळीवरचं. ही पदकं बहुतेक वेळा कुणीतरी आपल्या आईवडिलांच्या किंवा गुरूंच्या नावाने ठेव ठेवून सुरू केलेली असतात, म्हणून प्रत्येकाची अट वेगळी, एखादं फक्त मुलींसाठी, एखादं ठरावीक पेपरात सर्वात जास्त मार्क असलेल्याला. यादी आणि अटी वाचल्याशिवाय आपण कशात बसतो ते कळतच नाही. आणि एक अट फार ठिकाणी असते, सगळे पेपर पहिल्याच प्रयत्नात सुटलेले पाहिजेत.

इथे माझं रडगाणं ऐका. फर्स्ट इयरला एका फुटकळ पेपरला मी बसलो होतो, हजेरीपटावर सही केली होती, तरी मार्कशीटवर 'गैरहजर' आलं. मी म्हटलं जाऊदे, पुढच्या वेळी देऊ, दोन तासांचा तर पेपर. दिला, सुटला, विसरलो. तिसऱ्या वर्षी स्पेशलला मार्क चांगले पडले तेव्हा कॉलेजातल्या एका बक्षिसासाठी नाव गेलं आणि परत आलं, कारण रेकॉर्डला एटीकेटी. पंधरा दिवसांत अर्ज केला असता तर हजेरीपट काढून दुरुस्ती झाली असती असं नंतर ऑफिसातल्याच एका काकांनी सांगितलं. तर मार्कशीट हातात आली की त्याच दिवशी नाव, आईचं नाव, पेपर कोड, मार्क सगळं तपासा, आणि चूक असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं ऑफिसात कुणाच्याच लक्षात राहत नाही. आता क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात, तिथेही लॉगिन करून बघा सगळे दिसतायत का.

पण मार्कांपेक्षा खरी गंमत निबंधात आहे आणि माझा सगळा भर त्यावरच आहे. फिलॉसॉफीत बीएच्या पोराला जी काही ओळख मिळते ती जवळपास सगळी एका चांगल्या लिहिलेल्या निबंधावर मिळते. निबंध स्पर्धा असो, आविष्कार ही संशोधन स्पर्धा असो, परिषदेतलं वाचन असो की चौथ्या वर्षाचा प्रकल्प, मुळाशी तुमचा एक प्रश्न आणि त्यावरची दहा-बारा पानं. म्हणून दहा स्पर्धांना दहा कच्चे निबंध पाठवण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी एकच प्रश्न पकडा आणि वर्षभर तोच घासा.

प्रश्न कुठून आणायचा? सगळे 'कर्मसिद्धांत आणि आधुनिक जीवन' घेतात, परीक्षकाने असले चाळीस वाचलेले असतात. आपण नाशिकला राहतो राव. त्रिरश्मी म्हणजे आपली पांडवलेणी, तिथे शाळेच्या सहलीत सगळे जाऊन आलेत, पण भिंतीवर काय लिहिलंय ते किती जणांनी वाचलंय? दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात तो सांगतो की मी तीन लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, आणि त्याच लेखात हे लेणं भिक्खूंसाठी कोरवून दिल्याचंही सांगतो. दुसऱ्या एका लेखात तर थेट हिशेब आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे) 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक दराने, म्हणजे वर्षाचे 240. आणि लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 द्यायचे, वीस बारे 240. बरोब्बर! उरलेले 1000 पाऊण टक्क्याने, किरकोळ खर्चाला. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडचंच गोवर्धन, जिथून आपण धरणाकडे जातो.

मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा वहीत तीनदा करून बघितला, खरं वाटेना. मग प्रश्न सुचला, की जो माणूस ब्राह्मणांनाही देतो आणि बौद्ध संघालाही, त्याचा 'धर्म' कोणता असं विचारणं हाच चुकीचा प्रश्न आहे का? एखाद्या धर्माचा 'असणं' ही कल्पना त्याच्या डोक्यात होती का, की आपण आजच्या फॉर्मवरचा रकाना दोन हजार वर्षं मागे नेऊन त्याला भरायला लावतोय? बघा, इथे इतिहास संपला आणि फिलॉसॉफी सुरू झाली. परीक्षकाला हेच हवं असतं, हातात धरता येईल असा पुरावा आणि त्यावर उभा केलेला संकल्पनेचा प्रश्न.

असे विषय आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आता विचारा की मागणी देवाच्या दर्शनाची होती की माणूस म्हणून बरोबरीची, आणि या दोन मागण्या एकच आहेत का. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, म्हणजे मधे 21 वर्षं, धर्म विचार करून निवडता येतो का यावर याच्याहून चांगलं उदाहरण कुठलं? त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे, धाकटा भाऊच शिष्य असला तर गुरू या शब्दाचा अर्थ बदलतो का, हाही होईल. म्हसरूळला गजपंथ हे जैनांचं तीर्थ आहे, तिथेही प्रश्न सापडेल. वाचायला सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये जा, 1840 पासूनचं आहे, आणि संज्ञा अडली की वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश उघडा, विकिपीडियाच्या आधी.

लिहिताना माझा अनुभव असा की पहिल्या पानात प्रश्न आला नाही तर कुणी पुढे वाचत नाही. 'प्राचीन काळापासून मानवाला' ने सुरुवात करणाऱ्याला मी स्वतः शून्य मार्क देईन. आपल्या मताच्या विरोधातला सगळ्यात जड मुद्दा स्वतःच मांडा आणि मग त्याला उत्तर द्या, आपल्या बाजूचे पाच मुद्दे रचण्यापेक्षा हे भारी दिसतं. एआयकडून लिहून घेतलेलं ओळखू येतं, कारण त्यात सगळ्यांचंच बरोबर असतं. आणि टायपिंग युनिकोडमध्येच करा, मी जुन्या फॉन्टमध्ये करून पाठवलं होतं, समोर उघडल्यावर नुसती चिन्हं, दोन दिवस गेले.

आता पाठवायचं कुठे. आविष्कार सगळ्यांना माहीत असतं पण आर्ट्सवाले तिकडे फिरकत नाहीत, त्यांना वाटतं ते यंत्रवाल्यांचं. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 पासून ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा चालते, आणि त्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललितकला असा स्वतंत्र गट आहे, बीएच्या मुलांसाठी वेगळी पातळी आहे. खालच्या फेऱ्यांतून विद्यापीठ आणि मग राज्य. पोस्टर लागतं आणि तोंडी मांडणी लागते. आपली पोरं इथे एका प्रश्नावर आडवी होतात, "तुमची मेथडॉलॉजी काय?" सर्व्हे केलेला नसतो मग ततपप होतं. सरळ सांगा की मूळ लेखाचं वाचन, त्यातल्या संकल्पनेचं विश्लेषण आणि विरोधी अर्थांची तपासणी ही माझी पद्धत. उगीच पन्नास जणांचा गूगल फॉर्म भरून घेऊन पाय चार्ट लावू नका, मी लावला होता, परीक्षक मॅडम हसल्या. तरी पुढच्या फेरीला पाठवलं, तिथे मात्र गाडी अडली.

दिल्लीची भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद म्हणजे आयसीपीआर, ती तरुणांसाठी निबंध स्पर्धा घेत आलीय, वयाची अट असते, त्यामुळे जाहिरात आली की आधी आपली जन्मतारीख बघा मग विषय. युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी असतो, त्या आठवड्यात कॉलेजांत व्याख्यानं, निबंध, वक्तृत्व असं काही ना काही होतं, नसेल होत तर सरांना सांगून तुम्हीच घडवून आणा, आयोजक म्हणून मिळालेलं प्रमाणपत्रही प्रमाणपत्रच असतं. महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेच्या अधिवेशनात मराठीत निबंध वाचले जातात, पहिल्यांदा नुसते ऐकायला जा, मागच्या रांगेत बसून मोठी माणसं एकमेकांना कशी कापतात ते बघण्यासारखं असतं. आमच्या सरांनी मला एकदा अमळनेरलाही पाठवलं होतं, तिथलं तत्त्वज्ञान केंद्र 1916 पासूनचं आहे, आपल्या खानदेशात हे आहे याचा पत्ताच नव्हता मला. मराठीत 'परामर्श' हे तत्त्वज्ञानाचं नियतकालिक आहे, बीएला असताना त्यात छापून येईल अशी आशा नको पण दोन-चार अंक वाचले की आपला निबंध किती कच्चा आहे ते आपोआप कळतं. एकच मजकूर दोन स्पर्धांना एकाच वेळी पाठवू नका, प्रश्न तोच ठेवून पुन्हा लिहायला मात्र हरकत नाही.

परदेशातल्या ऑनर सोसायट्यांबद्दल, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांना सदस्य करून घेणाऱ्या संस्थांबद्दल, बरेच जण विचारतात. फिलॉसॉफीसाठी फाय सिग्मा टाऊ आहे, 1930 ची, आणि धर्म-अभ्यासासाठी थीटा अल्फा कॅपा, 1976 ची. त्या तिथल्या कॉलेजांतल्या शाखांमधून चालतात, तुमच्या कॉलेजात शाखा नसेल तर नाशिकला बसून सदस्य होता येत नाही. पुढे तिकडे शिकायला गेलात तर बघा. म्हणूनच 'तुमची आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटीत निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा' असा मेल आला की डिलीट. तसंच पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणारी जर्नल्स, 'यूजीसी केअर लिस्टेड' म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरतात, ती मान्य जर्नल्सची लिस्ट यूजीसीने 2025 मध्ये बंदच केली, त्यामुळे आज कुणी तो शिक्का दाखवत असेल तर तिथेच समजून जा.

शिफारसपत्राचं शेवटी सांगतो कारण तेच सगळे शेवटी करतात. डेडलाइनच्या आदल्या रात्री मॅडमना "मॅम प्लीज अर्जंट" असा मेसेज टाकू नका. तीन आठवडे आधी जा, सोबत निबंधाची प्रिंट, मार्कशीट आणि अर्ध्या पानात तुम्ही त्यांच्या वर्गात काय केलं ते लिहून न्या, त्यांना दीडशे पोरं असतात, तुमचं कुठलं प्रेझेंटेशन चांगलं झालं होतं ते त्यांना आठवायचं कसं? बोनाफाईड, मार्कशीटा, सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून एका फोल्डरला टाका, फाइलला स्वतःचं नाव द्या, 'स्कॅन0023' नको. आणि कन्व्होकेशनचा फॉर्म मुदतीत भरा, पदवी आपोआप घरी येते असं समजून बसलेला माझा एक मित्र अजून लेट फी भरायला चाललाय.