ग्रामपंचायत आणि पालिकेच्या ऑनलाइन सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा कशा कराव्यात

माझे मामा सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला राहतात. त्यांना अजिबात दिसत नाही, पण फोन ते माझ्यापेक्षा झपाट्यानं चालवतात. पुराच्या दिवसांत एकदा सकाळीच त्यांचा फोन आला. "अरे, ग्रुपवर पाण्याचं काहीतरी आलंय. माझा फोन नुसता 'फोटो' म्हणतोय. बघ की जरा, किती झालंय ते." मी तेव्हा साताऱ्यात होतो. फोटो उघडला. तो सही-शिक्क्याच्या कागदावर छापलेला तक्ता होता आणि आयर्विन पुलापाशी पातळी ४१ फूट होती. इशारा पातळी ४० फुटांची. म्हणजे सामान वर टाकायची वेळ झालेली, आणि ती बातमी हातातल्या फोनमध्ये असूनही मामांना मला विचारावी लागली.

हा लेख सरपंच, ग्रामसेवक, पालिकेतले कर्मचारी, सेवा केंद्र चालवणारी मुलं-मुली अशा सगळ्यांसाठी आहे. यातलं बरंचसं काम फुकट होतं आणि आज दुपारी सुरू करता येतं.

आधी स्वतः ऐकून बघा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन 'टॉकबॅक' चालू करा. आवाजाची भाषा मराठी निवडा. आता बोट उजवीकडे सरकवलं की फोन पुढची गोष्ट वाचून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. एवढं जमलं की डोळे मिटा आणि आपल्याच गावच्या साइटवर घरपट्टी भरायचा किंवा जन्मदाखल्याचा अर्ज करायचा प्रयत्न करा. शेजारी कुणालातरी वही घेऊन बसवा. 'बटण, बटण, लिंक' एवढंच ऐकू आलं आणि ते कशाचं बटण हे कळलं नाही, की ती जागा लिहून घ्यायची. अर्ध्या तासात पानभर यादी होते. कॉम्प्युटरवर हेच काम एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. तिथं माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवरच्या टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या बटणांवर अर्ज पुरा होतो का पाहा. हात थरथरणारी माणसंही तसंच काम करतात.

मजकूर आधी, फोटो नंतर

सगळ्यात जास्त फरक या एका सवयीनं पडतो, म्हणून इथं जरा थांबतो.

पाणी येणार नाही, लस आहे, ग्रामसभा आहे, नदी वाढली. या सगळ्या सूचना आपण फोटो काढून टाकतो. फोटोतली अक्षरं टॉकबॅकला मजकूर म्हणून नीट मिळतीलच याची खात्री नसते. शिक्क्याचा कागद टाकायचाच असेल तर टाका, पण त्याखाली सगळा मजकूर टाइप करा. पुराचा निरोप असा हवा:

"कृष्णा नदी, आयर्विन पूल, सांगली. सकाळी ८ वाजता पाणी ४१ फूट. इशारा ४०, धोका ४५ फूट. पाणी वाढत आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांनी आता निघावं. गाडी हवी असेल तर या नंबरवर फोन किंवा मेसेज करा."

वाक्यं छोटी, आकडे स्पष्ट, आणि काय करायचं ते सांगितलेलं. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला घराबाहेर पडायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. त्याला निरोप सगळ्यात आधी कळायला हवा.

निरोपाच्या सुरुवातीला दहा लाल गोळे टाकायची पद्धत आहे. टॉकबॅक ते एकेक करून वाचतो: लाल वर्तुळ, लाल वर्तुळ, लाल वर्तुळ. कृपा करून ते काढा.

जुने फॉन्ट सोडा

अनेक कार्यालयांत अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. पडद्यावर 'ग्राम' दिसतं, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि वाचणारं सॉफ्टवेअर म्हणतं, "एक्स, झेड, के, ई." मामांना पहिल्यांदा वाटलं फोन बिघडला. यापुढचं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करा. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मोफत मिळतात, मात्र जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला.

पीडीएफचंही तेच. छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटोच. वर्डमधून थेट केलेली पीडीएफ साइटवर ठेवा आणि सहीची प्रत तिच्या शेजारी जोडा.

भाषा सोपी करा

'विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा' हे वाक्य चांगल्या शिकलेल्यालाही दोनदा वाचावं लागतं. 'हा अर्ज भरून ग्रामपंचायतीत द्या' एवढं पुरे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना याचा उपयोग होतोच. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी त्यांनी नंतर शिकलेली असते, त्यांनाही होतो.

आणि चौकशीसाठी फक्त फोन नंबर देऊ नका. कर्णबधिर माणूस फोन कसा करणार? त्याच नंबरवर मेसेज चालतो असं लिहा आणि आलेल्या मेसेजला उत्तर द्या. व्हिडिओ टाकला तर खाली मराठी अक्षरं हवीत.

साइट बनवणाऱ्याला काय सांगावं

हे तोंडी सांगू नका, कार्यादेशात लिहा. सरकारी संकेतस्थळांसाठीची 'जीआयजीडब्ल्यू ३.०' ही मार्गदर्शक तत्त्वं, साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या 'डब्ल्यूसीएजी २.१' या जागतिक नियमांची डबल ए पातळी, आणि त्याच कामाचं भारतीय मानक 'आयएस १७८०२', ही तिन्ही नावं घाला. साध्या भाषेत त्यातून एवढं तरी तपासून घ्या. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला वाचता येईल असं नाव असावं. चूक झाली तर नुसता रकाना लाल होऊन भागत नाही, 'मोबाइल नंबर दहा आकडी हवा' असं शब्दांत यावं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा. पांढऱ्यावर फिका केशरी मजकूर यात हमखास नापास होतो. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची परीक्षा असेल तर तिला आवाजाचा किंवा दुसरा पर्याय हवा. ओटीपी टाकायला पुरेसा वेळ हवा, कारण मेसेज ऐकून परत अर्जावर येण्यातच मामांचं एखादं मिनिट जातं.

शेवटचा हप्ता स्क्रीन रीडरवर, म्हणजे टॉकबॅक किंवा एनव्हीडीएवर, अर्ज पूर्ण भरून दाखवल्यावरच द्या.

माझं मत विचाराल तर हा खर्च कार्यालयाच्या नेहमीच्या खर्चातून व्हावा. स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायचा ५ टक्के निधी त्यांच्या थेट गरजांसाठी आहे, त्याला हात लावू नये.

"हे करायलाच हवं का?" असं कुणी विचारलं तर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवा. त्यातलं कलम ४२ माहिती आणि संपर्काच्या साधनांबद्दलच आहे, आणि कायदा मोडल्यास कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की दिव्यांगांना सोयी वापरता याव्यात यासाठी नुसत्या शिफारशी पुरणार नाहीत, बंधनकारक मानकं करा. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, पापण्या मिटून दाखवायला सांगत होते, त्यातून तो खटला उभा राहिला. आपल्या केंद्रावर अंगठा उमटत नाही म्हणून कुणी परत गेलं असेल, तर डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा चेहऱ्याचा पर्याय वापरून बघितला होता का, हे जरूर विचारा.

गावातल्याच माणसांना बोलवा

ग्रामसभेत विषय घ्या आणि चार जणांना तपासणीला बसवा: एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर, एक हाताला अधूपणा असलेले आणि एक म्हातारं माणूस. त्यांना जाण्या-येण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी द्या, फुकट राबवू नका. त्यांनी अर्ज भरताना मध्ये बोलू नका, हातातून फोन घेऊन 'मी करून देतो' म्हणू नका. कुठं अडतात एवढंच बघा. मामांना असं बसवलं तेव्हा 'पुढे जा' हे बटण त्यांना सापडलंच नाही. ते नुसतं बाणाचं चित्र होतं.

साइट दर वेळी बदलते, नवा कर्मचारी येतो आणि फोटो टाकायची सवय परत सुरू होते. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, कोयनेतून विसर्ग सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, त्याच चौघांच्या फोनवर पुराचा एक नमुना निरोप पाठवा आणि पाणी किती फूट आहे ते त्यांनाच विचारा.