बोटांना वाचायला शिकवा

ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू तपासून उपचार करायच्या पद्धतीची, पदवी घ्यायला मी कोल्हापूर सोडलं, पण पहिला धडा गंगावेशीतल्या तालमीत मिळाला. वडील पैलवानांची अंगं रगडायचे. हात ठेवला की कुठं आखडलंय ते त्यांना कळायचं.

कोर्स निवडताना एक गोष्ट आधी बघा. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानं 'ऑस्टिओपॅथ' हे नाव राखीव आहे, त्यामुळं तिथल्या जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलची मान्यता नसेल तर फी भरू नका. अमेरिकेतली डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही पदवीची वाट वेगळी, तिथं पूर्ण डॉक्टर होता येतं.

बोटं मात्र आत्तापासून तयार करा. डोक्याचा एक केस वहीच्या पानाखाली ठेवा, डोळे मिटा आणि बोटानं शोधा. सापडला की वर आणखी एक पान. मी रोज रात्री जेवण झालं की बसायचो. जोर लावला की केस हरवतो, हलकं टेकवलं की सापडतो.

मग घरच्यांच्या पाठीवर मणके मोजा: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५. मान पुढं वाकवली की तळाशी ठळक उंचवटा येतो, तो बहुधा सातवा. तिथून खाली मोजायचं. आईच्या पाठीवर माझा आकडा कित्येक दिवस चुकायचा. चुकला की पुन्हा मानेपासून.