बिबट्या, तरस, कोल्हा एकाच बांधावर: ट्रॅप कॅमेऱ्याच्या अभ्यासात या चुका टाळा

ट्रॅप कॅमेरा म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात अशा एकाच कॅमेऱ्यात एकाच रात्री बिबट्या आणि तरस आले, की ‘दोघे जागा वाटून घेतात’ असा निष्कर्ष लगेच निघतो. कॅमेऱ्याने सांगितलेलं असतं एवढंच, की दोघे त्याच्या समोरून गेले. त्यापुढचं सिद्ध करायचं तर खालच्या गोष्टी आधी नीट व्हायला हव्यात. बिघडतं ते बहुतेक वेळा आकडेमोडीत नव्हे, कॅमेरा बांधतानाच.

उंची झाडाच्या बुंध्यापासून मोजणे. बिबट्यासाठी 40-45 सेंटिमीटर ठीक. मुंगूस, उदमांजर, वाघाटी (लहानसं रानटी मांजर) यांच्यासाठी 20-25. सगळेच प्राणी हवे असतील तर 30 च्या आसपास तडजोड करा. पण ही उंची प्राणी जिथून चालणार त्या जमिनीपासून धरायची. बांधावरचं झाड पायवाटेपेक्षा हातभर उंच असलं, तर कॅमेरा मुंगसाच्या डोक्यावरून पलीकडचा ऊस बघत बसतो. बांधून झाल्यावर वाटेवरून स्वतः रांगत जाऊन बघा; लाजायचं कारण नाही. वाटेपासून अंतर 3-4 मीटर ठेवा. तोंड पूर्व-पश्चिम नको, उगवतीचं-मावळतीचं ऊन भिंगात जातं. समोरचं गवत आणि उसाची लोंबणारी पाती कापा, नाहीतर वाऱ्याच्या हजार फोटोंनी कार्ड भरतं.

उन्हाळ्यातल्या रिकाम्या दुपारवर विश्वास ठेवणे. कॅमेऱ्याचा सेन्सर प्राण्याचं अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक टिपतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की हा फरकच उरत नाही आणि समोरून गेलेलं खोकड निसटतं. म्हणून हिवाळ्यातल्या दुपारच्या नोंदी उन्हाळ्याशी थेट ताडू नका.

घड्याळ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. सेल बदलताना काही कॅमेऱ्यांची तारीख मूळ पदावर जाते. कधी 12 तासांच्या मांडणीत सकाळ-रात्र उलटते. बसवताना आणि काढताना मोबाइलचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो काढा. चूक राहिलीच, तर दुरुस्ती त्यावरूनच होते.

घड्याळ बरोबर असूनही वेळ फसवते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, नाशिक सुमारे 73.8 अंशावर, इथला सूर्य साधारण 35 मिनिटं मागे. शिवाय जानेवारीत सूर्योदय सातनंतर, जूनमध्ये सहाच्या आत. साडेसहाला जानेवारीत सूर्य उगवलेला नसतो, जूनमध्ये उजाडून गेलेलं असतं. अनेक महिन्यांच्या नोंदी एकत्र करायच्या तर आधी त्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या हिशेबात बदलून घ्या.

वेळेचा मेळ म्हणजे स्पर्धा, असं समजणे. दोन प्राण्यांच्या हालचालीच्या वेळा किती जुळतात हे 0 (अजिबात नाही) ते 1 (पूर्ण) मध्ये काढतात. दोघांपैकी ज्याच्या नोंदी कमी, त्याच्या 50 पेक्षा कमी असतील तर डेल्टा-1, 75 पेक्षा जास्त असतील तर डेल्टा-4 हे सूत्र वापरायचा प्रघात आहे. त्याआधी एकाच कॅमेऱ्यावर एकाच जातीचे 30 मिनिटांतले फोटो एक नोंद धरा. नाहीतर कॅमेऱ्यासमोर बसून राहिलेला एक कोल्हा चाळीस कोल्हे होतो. पण बिबट्या उसात आणि तरस डोंगरउतारावर असले, तरी रात्री एकाच वेळी फिरतात म्हणून आकडा मोठाच येणार. दोघांची गाठ मात्र कधीच पडलेली नसते. खरा प्रश्न वेगळा: त्याच कॅमेऱ्यावर बिबट्या गेल्यावर कोल्हा किती तासांनी येतो, आणि बिबट्या गेलेला नसताना तो किती वेळा येतो?

‘दिसला नाही म्हणजे नाही.’ एखादा प्राणी तिथे असूनही एका रात्री दिसण्याची शक्यता 10 टक्के धरली, तर 15 रात्रींनंतरही तो एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे 20 टक्के उरते. 30 रात्रींनंतर ती 4 टक्क्यांवर येते. एका ठिकाणी किमान महिनाभर कॅमेरा ठेवा, पण तो महिना ऊसतोडीच्या दोन्ही बाजूंना पसरू देऊ नका. तोड झाली की अधिवासच बदलतो. कोणतं शेत कधी तुटलं याची तारीख वहीत हवी.

कुत्र्यांचे फोटो पुसणे. माणसांचे फोटो जरूर काढून टाका, आधी फक्त वेळ नोंदवा. कुत्री आणि गुरं मात्र विश्लेषणात हवीतच. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनातला 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला होता. कोल्हा कोणाला टाळतो, बिबट्याला की कुत्र्यांच्या टोळीला, हे कुत्री वगळून कळणार कसं?

ओळखीतली नेहमीची गफलत वाघाटीची: पूर्ण वाढलेली वाघाटीही दीड किलोच्या आसपास असते, आणि उसात सापडलेलं तिचं पिल्लू हमखास बिबट्याचं ठरवलं जातं. अंधुक फोटोला ‘लहान मांजरकुळातला’ एवढंच लिहा. ठशांत नखं उमटली असतील तर मांजरकुळ सहसा नाही. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि हाडं खाल्ल्याने त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते.

वनविभागाची लेखी परवानगी कॅमेरे विकत घेण्याआधी मागा, आणि जिथे कॅमेरा लावणार त्या शेतमालकाला व पोलिस पाटलाला आदल्या दिवशी सांगा. साखळी-कुलूप लावाच.