पुन्हा रंगवलेली जुनी रोड सायकल फ्रेम ओळखायची कशी

जुनी फ्रेम पुन्हा रंगवली की कंपनीचं नाव, पाईपची पट्टी आणि बरेचदा नंबरही रंगाखाली जातो. मापं मात्र तशीच राहतात. म्हणून फ्रेम हातात आली की स्टिकर शेवटी वाचायचा. रेनॉल्ड्स, कोलंबस (दोन्ही पाईप बनवणारे), कोलनागो (इटालियन फ्रेम बनवणारा), हवी ती पट्टी आज नवी छापून मिळते आणि ड्युको पेंटवर पाच मिनिटांत चिकटते.

मराठवाड्यात अशी फ्रेम बहुधा भंगारवाल्याकडे किंवा जुन्या सायकल मार्टच्या माळ्यावर भेटते. भंगारवाल्याकडे दिसली तर तिथेच मापं घ्या. त्याच्या लेखी ते नुसतं लोखंड असतं आणि इथलं भंगार जालन्याच्या भट्टीत जाऊन त्याची सळई व्हायला वेळ लागत नाही.

सोबत ठेवायचं ते एवढंच: व्हर्नियर, स्टीलची पट्टी, मोबाईलचा टॉर्च, दोन-तीन मीटर दोरा, फ्रिजवर लावायचा पातळ चुंबक, पातळ कागद, पेन्सिल, कापूस आणि थोडं थिनर.

रंग मूळचा की नंतरचा

आधी बीबीचे, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीचे (बॉटम ब्रॅकेट), आटे बघा. मूळ फ्रेमचे आटे रंगानंतर साफ केलेले असतात, धातू उघडा दिसतो. आट्यांत रंग भरलेला असेल, कप बसवताना तो सोलून निघालेला असेल, तर काम नंतरचं. हेडसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) कप जिथे बसतात त्या कडा आणि बाटलीच्या स्टँडचे आटे यांनाही हेच लागू. मग लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या स्टीलच्या बाह्यांच्या, कडा बघा. हाताने नीट रंगवलेल्या फ्रेमवर लगची धार नखाला लागते. पावडर कोटिंगच्या जाड थरात ती बुजून गोल होते. मागच्या डाव्या-उजव्या चिमट्यांच्या टोकांना रंग खरवडल्यावर खाली क्रोम लागला, तर कोणीतरी चांगली झिलई झाकली आहे. साध्या फ्रेमवर क्रोमचा खर्च सहसा करत नसत, त्यामुळे ही खूण बरी.

हेड ट्यूबवर (हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीवर) बिल्ला होता का, हे बाहेरून कळत नाही, कारण रिव्हेटची भोकं पुट्टीने बुजवलेली असतात. आत टॉर्च मारा. भोकं आतून कोणी बुजवत नाही. दोन भोकं वर-खाली आहेत की आडवी, त्यांच्यातलं अंतर किती, हे लिहून ठेवा. जुन्या जाहिरातींतल्या आणि कॅटलॉगमधल्या बिल्ल्यांशी ते पडताळता येतं.

सीटपोस्ट

पाईप किती चांगला, याचा सगळ्यात स्वस्त पुरावा सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी. इंग्लिश आणि इटालियन मापाच्या फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून २८.६ मिमी असते. त्यात २७.२ चा पोस्ट बसत असेल तर वरच्या टोकाला पाईपची भिंत ०.६ ते ०.७ मिमी उरते, म्हणजे पाईप हलका आणि बहुतेक बटेड (टोकाला जाड, मध्ये पातळ), रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस एसएलच्या वर्गातला. २७.० असेल तर थोडा जाड, कोलंबस एसपीसारखा. २६.६ ते २६.८ म्हणजे मधल्या प्रतीचा. २५.४ म्हणजे भिंत दीड मिमीच्या वर, साधं स्टील. आपल्याकडे ड्रॉप हँडल लावून विकल्या गेलेल्या देशी ‘रेसिंग’ सायकली बहुतेक याच वर्गात बसतात. त्यांच्यावर कोलंबसची पट्टी दिसली तर हसायला हरकत नाही. सीट ट्यूब बाहेरून २८.० भरली तर फ्रेंच फ्रेमचा संशय घ्या. तिथे पोस्टचे आकडे वेगळे असतात, २६.४ हा हलक्या पाईपचाही असू शकतो.

यात एक फसवणूक नेहमी होते. मूळ पोस्ट हरवला की मिस्त्री २५.४ चा देशी पोस्ट घालतो आणि भोवती तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून आवळतो. वरून मोजलं तर फ्रेम साधी वाटते. पोस्ट पूर्ण बाहेर काढा, पत्रा निघाला तर तो फेका, आणि नळीचा आतला व्यास तोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर आत मोजा. तोंडाशी मोजू नका, कारण वर्षानुवर्षं आवळून तिथली उभी फट मिटलेली असते. फटीच्या दोन्ही कडा समांतर नसतील, वरच्या बाजूला चिकटलेल्या दिसत असतील, तर चुकीचा पोस्ट बराच काळ वापरला गेला आहे.

बीबी: देश कुठला

शेलची, म्हणजे बीबीच्या नळीची, रुंदी मोजा आणि उजवा कप कुठल्या दिशेने सुटतो ते बघा. इंग्लिश मापात रुंदी ६८ मिमी, आटे १.३७ इंच आणि इंचाला २४. उजव्या कपाचे आटे उलटे, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. इटालियन शेल ७० मिमी, आटे ३६ मिमी आणि इंचाला २४, दोन्ही कप सरळ आट्यांचे. जुनं फ्रेंच ६८ मिमी, ३५ मिमीचे १ मिमी आटे, दोन्ही सरळ. जुन्या रॅलेच्या कारखान्यातल्या बऱ्याच फ्रेमवर इंचाला २६ आटे असत आणि शेल ७१ किंवा ७६ मिमी रुंद. हे जुळलं तर शोध बराच आटोपला.

इंग्लिश आट्यांवरून ‘इंग्लंडची फ्रेम’ म्हणू नका. जपान आणि तैवाननेही तेच माप घेतलं, पुढे फ्रेंचांनीही. त्यावरून फार तर इटलीची शक्यता कमी होते. उलट ३६ मिमी आटे पण रुंदी ६८ निघाली, तर शेलचे मूळ आटे खराब झाल्यावर कोणीतरी इटालियन मापाने नवे पाडलेत. ती दुरुस्ती चांगली असते, पण फ्रेम इटालियन होत नाही. रुंदी मोजताना दोन्ही बाजूंचा रंग खरवडा. पावडरचा थर धरला तर आकडा वाढतो.

काळ कुठला

मागच्या ड्रॉपआऊटमधलं (चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधलं) अंतर बघा. १२० मिमी पाच गिअरच्या काळातलं, १२६ सहा-सात गिअरचं, १३० आठ गिअरपासून पुढचं, म्हणजे ढोबळमानाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. स्टील वाकवून अंतर बदलता येतं, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. गिअरचे लिव्हर पट्ट्याने आवळायचे की त्यांचे खुंट नळीलाच झाळलेत, बाटलीसाठी एकाच नळीला आटे आहेत की दोन्हींना, ब्रेकचा नट बाहेर येतो की आत बुडतो, हे बघा. झाळलेले खुंट आणि आत बुडणारा नट साधारण सत्तरीच्या दशकाच्या मध्यानंतर सर्रास झाले, बाटलीची दुसरी जोडी ऐंशीच्या दशकात. फ्रेम तिच्यावरच्या सगळ्यात नव्या गोष्टीइतकी तरी नवी असते. अपवाद एकच, रंगवताना कोणी नवे खुंट झाळले असतील तर. अशा वेळी नळीच्या आत टॉर्च मारून बघा. त्या जागी झाळीने काळवंडलेला पट्टा वेगळा दिसतो.

ड्रॉपआऊट जाड आणि घडवलेला असेल, मागे दोन बारीक स्क्रूंची भोकं असतील, तर फ्रेम चांगल्या प्रतीची. सपाट पत्रा कापून नळीच्या चपट्या टोकात अडकवलेला असेल तर स्वस्त. रंगाखाली कॅम्पाग्नोलोचं नाव निघालं तरी देश ठरत नाही, सगळीकडचे कारागीर तेच वापरत. गिअर अडकवायची कडी मात्र बघाच, तिचे आटे बहुतेकदा १० मिमी × १ चे असतात. कडी कापून टाकली असेल तर सायकल सिंगल स्पीड करून वापरलेली आहे.

चाक कुठलं, हे असं काढा. ड्रॉपआऊटच्या मध्यापासून ब्रेकच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून ३११ (७००सी रिमची त्रिज्या) वजा करा. ४० ते ५७ मिमी उरलं तर ७००सी, म्हणजे रोड सायकलचं आजचं नेहमीचं चाक. ३० च्या आसपास उरलं तर फ्रेम लहान चाकाची, उदाहरणार्थ २६ × १ ३/८ ची. ६० च्या वर गेलं तर २७ इंची किंवा त्याहून मोठं चाक.

चिमटा काढून बघा

पुढचा चिमटा (फोर्क) बाहेर काढल्याशिवाय ओळख पूर्ण होत नाही. स्टीअररची नळी, म्हणजे चिमट्याची वरची दांडी, हेड ट्यूबच्या आत असते, तिला रंग लागत नाही. त्यावर कोलंबसचं कबुतर, रेनॉल्ड्सचं नाव किंवा जपानी पाईपचा ठसा सापडू शकतो. क्राऊनच्या (चिमट्याच्या दोन पायांवरच्या जोडाच्या) खालच्या भोकातून टॉर्च मारा. आत तळाशी पाच वळणदार उंचवटे दिसले तर कोलंबसचा स्टीअरर. बीबी शेलच्या आत नळ्यांच्या तोंडाशी तसेच उंचवटे असतील तर एसएलएक्सपर्यंत (कोलंबसच्याच भारी प्रतीपर्यंत) जाता येतं. कोलनागोच्या चिमट्यावर किलवर कोरलेलं असतं आणि जाड रंगाखालीही बोटाला लागतं. चिमटा फ्रेमबरोबरचाच आहे का, हे दोन्हींच्या नंबरवरून किंवा क्राऊन आणि लगच्या घडणीवरून बघा. आपल्याकडे अपघातानंतर चिमटा बदलणं नेहमीचंच.

नंबर

बीबीचं बूड, ड्रॉपआऊटची बाहेरची बाजू, सीट लग आणि हेड ट्यूब, या चार जागा. वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावलात तर उथळ ठसा कायमचा जाईल. थिनरचा बोळा दहा मिनिटं ठेवून रंग फुगवा, लाकडी काडीने खरवडा, वर कागद ठेवून पेन्सिल घासा. पावडर कोटिंगवर थिनर फारसं चालत नाही. तिथे पेंट रिमूव्हर लागतो. हातमोजे घाला.

लपवलेली मोडतोड

रंग नेहमी हौसेनेच मारतात असं नाही. समोरून धडक बसलेली फ्रेम हेड ट्यूबपासून दोन ते पाच सेंटीमीटरवर, डाऊन ट्यूबच्या (हेडपासून बीबीपर्यंतच्या तिरप्या नळीच्या) खालच्या अंगाला फुगते. तिथे पुट्टी भरून रंग मारला की डोळ्याला कळत नाही. चुंबक हेडपासून बीबीपर्यंत सरकवत न्या. पुट्टीवर ओढ लगेच सैल पडते. मग स्टीलची पट्टी नळीच्या लांबीने टेकवून उजेडाकडे बघा.

दोरा एका मागच्या ड्रॉपआऊटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला ताणून बांधा आणि दोन्ही बाजूंना सीट ट्यूबपासूनचं अंतर मोजा. १-२ मिमीचा फरक चालतो. ४-५ निघाला तर भाव पाडा किंवा सोडून द्या. उजव्या ड्रॉपआऊटजवळ, बीबीमागे आणि सीट लगच्या फटीखाली केसासारखी रेघ दिसली तर तेवढाच रंग काढून खात्री करा. रंग तडकलाय की धातू, हे वरून सांगता येत नाही.

परत रंगवायची असेल तर

संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा भागात पावडर कोटिंग सहज होतं. पण तिथला हात गेट, ग्रिल आणि गाडीच्या पार्टवर बसलेला असतो. कोलंबस एसएलची नळी मध्यावर जेमतेम ०.६ मिमी जाड असते, भरड वाळूचा जोराचा मारा तिला परवडत नाही. बारीक ग्रिट आणि कमी दाब मागा, नाहीतर रंग रिमूव्हरनेच काढून द्या. भट्टीची साधारण २०० अंश उष्णता झाळीला काही करत नाही. बीबीत जुने कप, बाटलीच्या आट्यांत स्क्रू आणि हेड ट्यूबच्या तोंडाला उष्णता सोसणारी टेप लावूनच फ्रेम द्या. नंबरच्या जागेवर एकच पातळ थर मारायला सांगा, आणि द्यायच्या आधी त्या नंबरचा, लगचा, ड्रॉपआऊटचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढून घ्या.